अनुभव धागा: टीव्हीवर 'तसलं' कोणी आलं की तुमच्या घरात काय व्हायचं?

डोंबिवलीची_मावशी

सात वर्षांपूर्वीची दिवाळी, आम्ही सगळे साताऱ्याला आईकडे जमलेलो. जेवणं झाली, पुरुष मंडळी लोडाला टेकलेली, टीव्हीवर कुठलातरी कॉमेडी शो. त्यात दाढीची खुंटं दिसणारा एक नट पोपटी साडी नेसून आला, दोन टाळ्या वाजवल्या, समोरच्याच्या गालाला हात लावला आणि आमची अख्खी खोली फुटली. आई हसली, भाऊजी हसले, मी पण हसले. मी हसले हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर हा धागा 'लोक कसे वाईट असतात' छापाचा होईल. माझी भाची तेव्हा पंधरा वर्षांची, आणि तेव्हा आमच्या लेखी भाचा. मांडीवर चकल्यांचा डबा घेऊन बसलेली. ती उठली, डब्याचं झाकण नीट दाबून लावलं आणि आत जाऊन घासून पालथी घातलेली भांडी परत घासायला लागली. आई म्हणाली, बघा किती शहाणं पोर.

अडीच वर्षांनी तिने आधी मला सांगितलं, तिच्या आईला नाही. तेव्हा ती दिवाळी निघाली. म्हणाली, मावशी, मी कोण आहे ते मला नंतर कळलं, पण तुम्ही सगळे कशाला हसता ते आधी कळलं.

तेव्हापासून मी टीव्ही बघताना टीव्हीपेक्षा खोलीतल्या माणसांकडे जास्त बघते. सवयच लागलीये. म्हणून हा धागा. सिनेमा, सिरीयल, जाहिरात काहीही चालेल, पण परीक्षण नको. ते बघताना तुमच्या घरात, हॉस्टेलवर, ऑफिसात काय झालं ते लिहा. तुम्ही स्वतः ट्रान्स असाल तर तुमचं लिहा, या क्षेत्रात काम करत असाल तर आतलं लिहा. फक्त ऑपरेशनबद्दल कोणाला विचारू नका आणि 'छ' वरून सुरू होणारा शब्द इथे नको. भाची हे वाचणार आहे. तिला 'तृतीयपंथी' शब्दपण फारसा आवडत नाही, पेपरातली बातमी वाचल्यासारखं वाटतं म्हणते. ट्रान्स म्हण नाहीतर सरळ नावाने हाक मार, असं तिचं म्हणणं.

खारीबटर

वाचतेय. लिहिण्यासारखं आहे पण आत्ता ऑफिसात आहे.

नगरी_नाणं

ताई, तुम्ही हसलात म्हणता, आम्ही तर त्याच्या पुढे गेलेलो.

'सडक' आला १९९१ ला, मी सातवीत होतो. त्यातली महारानी म्हणजे सदाशिव अमरापूरकर, म्हणजे आमच्या नगरचा माणूस, त्यामुळे गल्लीत नुसता अभिमान. भाड्याचा व्हीसीआर आणून चाळीच्या अंगणात पिक्चर लावलेला, दहा दहा रुपये वर्गणी. त्या रोलला फिल्मफेअरचं खलनायकाचं बक्षीस मिळालं, ते बक्षीस सुरूच त्या वर्षी झालेलं, म्हणजे पहिला मान नगरला. काम जबरदस्तच केलंय त्यांनी, आजही मी तेच म्हणेन. पण काम जबरदस्त होतं म्हणूनच ते डोक्यात बसलं, फालतू नटाने केलं असतं तर विसरून गेलो असतो.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, आवाज बारीक, चालणं जरा वेगळं. सिनेमानंतरच्या सोमवारी त्याचं नाव महारानी पडलं. कोणी पाडलं? मी पाडलं. दहावीपर्यंत तेच नाव. पी.टी.च्या सरांनी एकदा हजेरी घेताना तेच नाव घेतलं, सगळा वर्ग हसला आणि तो 'हजर' म्हणाला. तो 'हजर' अजून कानात आहे. तो ट्रान्स होता का नव्हता मला माहीत नाही, नुसता बारीक आवाजाचा पण असेल. आम्हाला फरक माहीत नव्हता आणि गरजही वाटली नाही, महारानी हा एकच साचा आमच्याकडे होता, त्यात कोणालाही ओतायचं. कोठा चालवणारी, पोरी विकणारी, आणि बोलायला लागली की घाबरून हसायचं. बारावीनंतर तो गाव सोडून गेला. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आमचा, एकशे सहा जण आहेत, तो नाही.

अकोल्याची_सून

माझ्या सासूबाईंचा किस्सा सांगते. कलर्सवर 'शक्ती' लागायची, २०१६ ला सुरू झाली आणि पाच वर्षं चालली, रुबिना दिलैकने सौम्या केलेली. आमच्या घरी रात्री आठ वाजता कुकरची शिट्टीसुद्धा व्हायची नाही. सौम्याला सासरचे छळायला लागले की सासूबाई पदराने डोळे पुसायच्या, म्हणायच्या, काय बाई नशीब लेकराचं, देवानं असं घडवलं त्यात तिचा काय गुन्हा. मला बरं वाटायचं, म्हटलं चला म्हातारी बदलतेय.

मग माझ्या जावेला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बधाई मागायला चौघीजणी आल्या ढोलकी घेऊन. सासूबाईंनी आतून कडी लावली, लाइट बंद केले, आम्हाला सगळ्यांना मागच्या खोलीत बसवलं. बाळ रडायला लागलं तर त्याच्या तोंडावर दुपटं. अर्धा तास त्या दारात गात होत्या आणि आम्ही चोरासारखे अंधारात. शेवटी सासरे बाहेर गेले, पाचशे एक देऊन आले. रात्री आठला परत सौम्या आणि परत पदर!! मी म्हटलं आई, संध्याकाळी आलेल्यांत एखादी सौम्या असेल की. तर म्हणे, छे, सौम्या चांगल्या घरातली आहे.

अजून एक गोष्ट त्या सिरीयलमुळे पक्की झाली. सौम्याचं सगळं जन्मापासूनचं दाखवलंय, म्हणजे बाळ जन्मलं तेव्हाच मोठ्यांना कळतं. त्यामुळे सासूबाईंच्या डोक्यात असं बसलंय की हे बाळंतपणाच्या खोलीतच ठरतं, सुईण नाहीतर डॉक्टर सांगतो. आमच्या नात्यात एका मुलाने तोंड उघडलं की मला मुलगी असल्यासारखं वाटतं, तर सासूबाईंचा पहिला प्रश्न, पण जन्मला तेव्हा तर सगळं ठीक होतं, मी स्वतः आंघोळ घातलीये त्याला! शरीर जन्मतःच वेगळं असणं हा एक प्रकार आणि शरीर ठरल्यासारखं असूनही आतून आपण वेगळे आहोत हे कळणं हा दुसरा, हे त्या पाच वर्षांत आमच्या घरात कोणालाच कळलं नाही. मलासुद्धा नाही, मी नंतर वाचून समजून घेतलं.

म्हापशेकार

मी ट्रान्समॅन. म्हणजे जन्माच्या दाखल्यावर मुलगी, आता दाढी आहे, बऱ्यापैकी आहे.

माझा अनुभव असा की अनुभवच नाही. टीव्हीवर मी कधी आलोच नाही. घरात बोलणं कोंकणी, टीव्ही मराठी आणि हिंदी, तिन्हीत कुठे नाही. त्यामुळे आईला सांगितलं तेव्हा तिच्याकडे जे चित्र होतं तेच तिने बाहेर काढलं. रडत रडत म्हणाली, म्हणजे तू आता साडी नेसून टाळ्या वाजवत फिरणार?

म्हटलं आई, मी साडी सोडतोय.

दोन मिनिटं शांतता आणि मग आम्ही दोघंही हसलो, काय करणार. पण तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या डोक्यात हा रस्ता एकाच बाजूने जाणारा होता. बाहेर पण तेच, नवीन कोणाला सांगितलं की विचारतात, मग आता तू मुलगी होणार का? अरे तेच तर होतो ना बाबा! एका परीने बरं आहे म्हणा, माझी नक्कल करता येत नाही कोणाला. पण सतराव्या वर्षी मला वाटायचं की हे जगात फक्त मलाच झालंय, त्याचं काय.

सडेतोड

सगळं ठीक आहे पण हे जाहिरातवाल्यांचं फॅड आहे. आणि लोकलमध्ये, सिग्नलला आम्हाला जो त्रास होतो त्याचा धागा कोण काढणार? वसईला राहतो, रोज बघतो. टीव्ही जे दाखवतो ते खोटं थोडंच आहे.

डोंबिवलीची_मावशी

@सडेतोड, तो धागा तुम्ही काढा, मी येऊन लिहीन, मलाही एकदा आलाय अनुभव. इथे विषय टीव्ही.

चौथी_सीट

@सडेतोड दादा, तुम्हाला त्रास झाला असेल, मी नाही म्हणत नाही. पण मी पण त्याच लाइनला आहे. नालासोपारा ते अंधेरी, लेडीज डबा, आठ बावीस. चौथी सीट मागते, मिळाली तर बसते, नाहीतर दाराजवळ उभी राहून भाजी निवडते. तुम्ही मला बघितलं असणार प्लॅटफॉर्मवर, फक्त लक्षात राहिलं नसेल, कारण मी टाळी वाजवत नाही.

आता माझं लिहिते. मूळची इचलकरंजीची. कॉलेजात असताना २०११ ला बिग बॉसच्या पाचव्या सीझनला लक्ष्मी त्रिपाठी आलेली, ठाण्याची ट्रान्स कार्यकर्ती, आणि हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये पोरं तिला बघायला जमायची, टिंगल करायला. आठवड्याभरात टिंगल थोडी कमी झाली कारण ती रोज दिसायला लागली, भांडताना, जेवताना, कोणाची समजूत काढताना. रोज दिसणाऱ्या माणसाची किती टिंगल करणार, कंटाळा येतो. मी मागे उभी राहून बघायचे, चेहरा एकदम दगड करून, कारण जरा जरी हललं तर कोणीतरी माझ्याकडे वळून बघेल अशी भीती.

मग २०१७ ची विक्सची जाहिरात. ती सगळ्यांना आठवत असेल, मुलगी बसमधून बोर्डिंगला चाललीये आणि आईबद्दल सांगतेय आणि शेवटी आई दिसते तर ती गौरी सावंत, ट्रान्स बाई. खरी गौरी सावंत, मालाडच्या मालवणीत 'सखी चार चौघी' या संस्थेचं काम करणारी, सुप्रीम कोर्टात गेलेल्यांपैकी एक, त्या केसचा निकाल एप्रिल २०१४ ला लागला आणि आपल्याला तिसरं लिंग म्हणून कायद्याने ओळखलं. मुलगी म्हणते आईला वाटतं मी डॉक्टर व्हावं पण मी वकील होणार. मी ती जाहिरात ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन चार वेळा बघितली, आवाज बंद करून, नुसती अक्षरं वाचत.

आणि संध्याकाळी आईचा फोन. दोन वर्षं आई माझ्याशी फक्त 'जेवलास का' एवढंच बोलायची, जेवलास, हो, तेच. ती म्हणाली, ती सर्दीची जाहिरात बघितली. मी गप्प. म्हणाली, किती माया केली बाई तिने त्या पोरीला. मी गप्पच. मग म्हणाली, तू जेवलीस का.

बस एवढंच. मी ती 'ली' तीन दिवस कानात घेऊन फिरत होते.

पण हे पण लिहायला पाहिजे. त्यानंतर घरी गेले तर मावशी म्हणाली, अशी गौरीताईसारखी असशील तर आमची काही हरकत नाही गं, कोणाचं तरी भलं कर. म्हणजे एक अनाथ पोरगी वाढवून दाखवली तर प्रवेश. माझा भाऊ दारू पिऊन पडलेला असतो, त्याला कोणी सांगत नाही की आधी कोणाचं तरी भलं कर मग तुला घरात घेतो. मला साधं राहायचंय. मी आळशी आहे, रविवारी अकराला उठते, मला पोरं सांभाळायला जमत नाहीत. आधी पडद्यावर आम्ही राक्षस होतो, आता एकदम देवी झालो, मधे कुठे उतरायची सोय नाही, फास्ट लोकलसारखं.

खारीबटर

@चौथी_सीट 'ली' वाचून ऑफिसात डोळे पुसतेय, शेजारचा विचारतोय सर्दी झाली का. विक्स देऊ का म्हणाला, शप्पथ.

गडहिंग्लजकर

आमच्याकडं टीव्ही यायच्या आधीचं सांगतो. दारात जोगतं यायचं, म्हंजी यल्लम्माला सोडल्याला, साडी नेसनारा गडी, डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, गळ्यात कवड्याची माळ, चौंडकं वाजवत. आजी सुपातनं जोंधळं घालायची, भंडारा लावून घ्यायची, पाया पडायची. आम्ही पोरं पण पडायचो. कुणी हसायचं न्हाई. सौंदत्तीची आई अंगात आल्याली मानसं, हसतोस कसा.

मग टीव्ही आला आनि त्यात मुंबैचं सिग्नलवालं दिसाय लागलं तसं गावातली पोरं पन तसल्याच टाळ्या वाजवून दावाय लागली. ज्या जोगत्याच्या पाया पडलेली त्याच्याच म्होरं! हे मी डोळ्यानं बघितलंय. २००९ ला 'जोगवा' आला तवा आमी ट्रॅक्टरनं गेलो बघायला. उपेंद्र लिमयेनं जोगत्याचं काम केल्यालं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला. थेटरात पयल्यांदा असं झालं की साडीतला गडी पडद्यावर आला आनि शिट्टी वाजली न्हाई. माज्या शेजारी आमचा एक चुलता बसल्याला, त्यो मधेच उठून भायेर गेला आनि शेवटपर्यंत आला न्हाई. का गेला इचारायची हिंमत झाली न्हाई.

पन जुनं लई चांगलं होतं असं बी म्हणनार न्हाई मी. आजी पाया पडायची, पन जोगत्याचा चहाचा कप येगळा असायचा, गोठ्यातल्या कोनाड्यात. आनि त्या सिनेमात दावलंय तसं, मनाविरुद्ध पोरास्नी सोडल्यालं बी बघितलंय.

सेकंडशिफ्ट

झी मराठीवर २०२० च्या सुमारास 'कारभारी लयभारी' लागायची त्यात गंगाचं पात्र होतं, आणि ते काम खऱ्या ट्रान्स कलाकारानेच केलेलं. आमच्या कंपनीच्या कॅन्टीनला टीव्हीवर दुपारी रिपीट लागायचं. कोणी काही बोलायचं नाही, जेवत असायचे. हेच लिहायचं होतं.

कॉपीचोर

जाहिरातीत आहे, बारा वर्षं. आतलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो, एजन्सीचं नाव नाही लिहिणार, पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे.

२०१४ ला सीटबेल्टचा तो व्हिडिओ आलेला, मुंबईच्या सिग्नलला ट्रान्स बायका एअरहोस्टेससारख्या साड्यांत उभ्या आणि टाळ्या वाजवत सीटबेल्ट लावायला सांगतात. आम्ही सगळे फिदा. नंतर २०१६ ला चहाच्या ब्रँडचा सिक्स पॅक बँड, सहा ट्रान्स गायिकांचा, त्याला तर जाहिरातींच्या कान्सला ग्रां प्री, म्हणजे मोठं बक्षीस मिळालं. आणि २०२१ ला केरळच्या भीमा ज्वेलर्सची जाहिरात, त्यात मिशीदाढी असलेल्या मुलापासून नवरीपर्यंत, प्रत्येक टप्प्याला घरचे एकेक दागिना देतात. आधी पैंजण, मग झुमके. काम करणारी मुलगीही खरीच ट्रान्स. माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात चांगली हीच, कारण त्यात कोणी भाषण देत नाही आणि आईबाप रडत नाहीत, सोनार सोनं विकतोय आणि घरचे सोनं घेतायत, आपल्याकडे पोरीवर माया करायची पद्धतच ती आहे.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या क्लायंटचा फोन, आपण पण जूनमध्ये असं काहीतरी करूया. का जून, तर प्राइड महिना, एलजीबीटी लोकांचा. प्रॉडक्ट काय, तर टाइल्स. मी स्क्रिप्ट लिहिलं. नवरा-बायको घर बघायला येतात, बायको ट्रान्स आहे, ते कुठे म्हटलेलं नाही, फक्त तसं काम करणारी व्यक्ती घ्यायची आणि तिला टाइल्सचा रंग आवडत नाही एवढीच गोष्ट. क्लायंट म्हणाला, पण मग लोकांना कळणार कसं? म्हटलं, नाही कळलं तर काय बिघडलं? म्हणाला, मग पैसे कशाला घालायचे! बरोबरच आहे म्हणा त्याच्या बाजूने. शेवटी एक नेहमीची मॉडेल घेतली, आवाज जाड करून डब केला आणि शेवटी इंद्रधनुष्य. त्यात पण शूटला एक ट्रान्स मुलगी सल्लागार म्हणून बोलावलेली, तिला दिवसभर टॉयलेट कुठलं वापरायचं ते कोणी सांगितलं नाही. तिने पाणीच प्यायलं नाही. हे मला पॅकअपनंतर कळलं.

एक मात्र झालंय. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयने २०२२ मध्ये नियमांत स्पष्ट घातलं की कोणाच्या जेंडर आयडेंटिटीची, सेक्शुअल ओरिएंटेशनची थट्टा जाहिरातीत चालणार नाही. त्यामुळे साडीतला गडी आणि टाळी हे जोक मीटिंगमध्येच मरतात आता, निदान कोणीतरी 'एएससीआय' म्हणतं. पण थट्टा बंद झाली म्हणजे काम मिळायला लागलं असं नाही. २०२३ ला कॉफीवाल्यांची जाहिरात आली, वडील कप मागवताना मुलीचं नवीन नाव सांगतात, त्यावर बहिष्काराचा ट्रेंड चालला आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडचे दोन क्लायंट 'सध्या नको' झाले. दागिने घातले तर टाळ्या आणि कॉफी प्यायली तर बहिष्कार, मला तरी गणित कळलेलं नाही.

पंपवाला

मी २०१४ ला कोइमतूरला होतो, पंपाच्या कंपनीत. त्या ऑगस्टला तिथल्या लोटस न्यूज चॅनलवर पद्मिनी प्रकाश बातम्या द्यायला लागल्या, ट्रान्स बाई. माझं तमिळ अर्धंमुर्धं, बायकोचं त्याहून कमी. घरमालकीण बाईंनी सांगितलं की बघा, म्हणून आम्ही टीव्ही लावला. छान साडी, केस बांधलेले, समोर कागद. पहिली पाच मिनिटं आम्ही दोघं वाकून वाकून बघत होतो, म्हणजे खरं सांगतो, काहीतरी सापडतंय का ते बघत होतो. आवाज, हात, गळा. मग लोडशेडिंगची बातमी आली आणि बायको एकदम म्हणाली, गप्प बसा जरा, पीलमेडूला किती वाजता जाणार ते सांगतायत.

त्यानंतर आम्ही ते चॅनल विजेच्या वेळा बघायला लावायचो. पुण्याला परत आल्यावर मी हे कोणाला सांगितलं की लोक म्हणतात, हो का, कशी दिसायची? मला आता नीट आठवत पण नाही कशी दिसायची.

दुसरा_असिस्टंट

टीव्हीला आहे, हिंदी-मराठी दोन्ही केलंय. नाव, चॅनल काही लिहीत नाही.

आमच्याकडे सीन पेपरवर अजूनही लिहिलेलं असतं 'टाळीवाले ४'. लग्नाचा किंवा बारशाचा सीन असला की हे चार ठरलेले, जसे मंडपवाले, बँडवाले. कोऑर्डिनेटर चार धिप्पाड पुरुष पाठवतो, मेकअप दादांना सांगावं लागत नाही, हनुवटीवर निळसर शेड, मोठी टिकली, गजरा कानामागे लोंबता. एडिटला गेल्यावर टाळीचा आवाज वेगळा टाकतात, सेटवरची खरी टाळी बारीक येते. ढोलकीचा एक तुकडा आहे, तोच तुकडा मी चार सिरीयलला ऐकलाय.

एकदा, तीन-चार वर्षं झाली, मी शहाणपणा केला. कोऑर्डिनेटरला म्हटलं एक तरी खरी बाई पाठव. आली. मिरा रोडवरून, साडेसहाचा कॉल टाइम, सव्वासहाला हजर. फिकट जांभळा पंजाबी ड्रेस, छोटी पर्स, डबा आणलेला घरचा. मला वाटलं कोणाची तरी आई आलीये, मी तिला मेकअप रूमच्या बाहेर थांबायला सांगितलं. मग कळलं. कॉश्च्युमची साडी दिली, नेसली, आमच्या ड्रेसवाल्यांपेक्षा नीट निऱ्या घातल्या. शॉटला उभी राहिली. डिरेक्टर मॉनिटरवरून ओरडला, अरे ती डावीकडची बाई कोण आहे, टाळीवाले कुठेत?

मी जवळ जाऊन सांगितलं सर तीच.

म्हणाला, वाटत नाहीये रे.

मग तिला मोठी टिकली लावली. तरी नाही. आवाज जाड काढ म्हणाले, तिने काढला, हसून. मग हनुवटीला निळी शेड लावायला मेकअप दादा गेले तेव्हा तिने पहिल्यांदा हात आडवा धरला. म्हणाली, दादा, हे घालवायला मी लेझरला अठ्ठेचाळीस हजार भरलेत.

सगळा सेट हसला. ती पण हसली. आणि मग डिरेक्टर म्हणाला ठीक आहे, हिला बायकांच्या घोळक्यात मागे उभी कर, आणि पार्किंगमधून कोणालातरी बोलाव. जनरेटरवाला पोरगा आला, चांगला सहा फूट, त्याला साडी नेसवली. एका टेकमध्ये ओके.

तिला मी म्हटलं सॉरी हं. तर ती म्हणाली, अहो सॉरी काय, मला बायकांत उभं केलं, आजचा दिवस चांगला गेला.

खारीबटर

बाप रे.

नगरी_नाणं

हे वाचून गप्पच झालो.

डोंबिवलीची_मावशी

काल रात्री भाचीने सगळा धागा वाचला. साताऱ्यालाच आहे सध्या, आजीजवळ. हो, आजीला माहितीये आता, नावाने हाक मारते, मधूनच चुकते मग स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घेते.

'ताली'चं विचारलं मी तिला, गौरी सावंतांवरची वेबसिरीज, २०२३ ला आलेली. रवी जाधवांची, ज्यांनी आधी 'नटरंग' केलेला, त्यात पण तमाशापायी नाच्या झालेल्या पैलवानी गड्याचं काय होतं ते आहे. तर भाची आणि आई दोघींनी मिळून ती बघितली, आईने हट्टाने, गुडघ्याला शेकायची पिशवी लावून. सुश्मिता सेनचं काम आईला भारी आवडलं. भाची मात्र चिडचिडत होती की ट्रान्स बाईचं काम करायला ट्रान्स बाई का नाही, आवाज का एवढा ओढूनताणून काढलाय. आईला ते भांडण कळेना. शेवटी म्हणाली, अगं पण ती नटी आहे, शूटिंग झालं की घरी जाऊन तोंड धुणार आणि झोपणार, तिला काय त्रास!

भाची म्हणाली, आजी, तेच तर म्हणतेय मी.

आई म्हणे बराच वेळ पिशवी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर करत बसली. मग म्हणाली, त्या दिवाळीला तू भांडी घासत होतीस. म्हणजे आईच्या लक्षात होतं! मला वाटत होतं फक्त मलाच माहितीये.

कॉपीचोर, तुमची टाइल्सची स्क्रिप्ट तिला आवडलीये. म्हणाली मला विचारा, मला खरंच टाइल्सचे रंग आवडत नाहीत कुठले.

कॉपीचोर

सांगा तिला, पोर्टफोलिओ पाठव. मस्करी नाही करत.

चौथी_सीट

@दुसरा_असिस्टंट दादा, त्या जांभळ्या ड्रेसवाल्या ताईंना पैसे मिळाले का त्या दिवसाचे? आणि एपिसोडला नाव गेलं का?

दुसरा_असिस्टंट

मिळाले, पण हाफ शिफ्टचे. डायलॉग नव्हता ना मग. आणि नाव नाही जात, ज्युनियर आर्टिस्टची नावं जातच नाहीत कोणाचीच.

तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता फोनमध्ये नंबर शोधला, म्हटलं पुढच्या महिन्यात हळदीकुंकवाचा सीन आहे, बोलवता येईल. सापडला. 'टाळी ३' म्हणून सेव्ह केलाय मी. नाव लिहायला घेतलं तर आठवेना, डबा आठवतोय, निऱ्या आठवतायत. सकाळी फोन करतो, आधी नाव विचारतो.